हायड्रोजन परॉक्साइडची वाफ सोडून खोली निर्जंतुक करून देणारी सर्व्हिस: जंतू खरंच मरतात का?

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. वाफ काम करते आणि जबरदस्त काम करते, पण जिथपर्यंत पोचते तिथपर्यंतच आणि जिथे आधी हाताने नीट पुसून घेतलंय तिथेच. ती पोचली की नाही हे मशीनच्या प्रिंटआउटवरून कळत नाही, ते कळतं खोलीतल्या सगळ्यात वाईट कोपऱ्यात ठेवलेल्या स्पोअरच्या (म्हणजे जंतूच्या कवचबंद, चिवट रूपाच्या) डिस्कवरून. एवढं एक डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

मी हॉस्पिटलमध्ये इन्फेक्शन कंट्रोल बघते, त्यामुळे स्वॉब, कल्चर, फ्युमिगेशन हे रोजचंच. आयसोलेशनच्या खोल्यांसाठी आम्ही ही वाफेची सर्व्हिस घेतली, म्हणजे ते लोक मशीन घेऊन येतात, खोली सील करतात, सायकल (म्हणजे वाफ सोडण्यापासून ती काढून टाकेपर्यंतचा एक पूर्ण फेरा) चालवतात आणि रिपोर्ट देऊन जातात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण मला जे सांगायचंय ते या प्रकारच्या कुठल्याही सर्व्हिसला लागू आहे, आणि बरेच जण विचारतात की फॉगिंग आणि हे एकच का, घ्यावं का, उगाच तर नाही ना, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिला आणि सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे पांढरा धूर दिसला की लोकांना वाटतं आता काम चाललंय. उलट आहे हो. डोळ्याला दिसतात ते थेंब असतात, वाफ दिसत नाही. फॉगिंगच्या मशीनमध्ये साधारण ५-६ टक्क्यांचं हायड्रोजन परॉक्साइड, कधी त्यात चांदीचे आयन टाकलेले, बारीक थेंब करून उडवतात. हे थेंब हवेत थोडा वेळ तरंगतात आणि मग वजनाने खाली बसतात, म्हणजे टेबलाचा वरचा भाग, जमीन, पलंगाची वरची बाजू इथे भरपूर पडतं आणि पलंगाच्या खालची दांडी, कपाटामागची भिंत, मॉनिटरची मागची बाजू इथे फारसं काहीच जात नाही. खऱ्या वाफेच्या मशीनमध्ये ३० ते ३५ टक्क्यांचं द्रावण गरम प्लेटवर टाकून त्याची पूर्ण वाफ करतात आणि ती गॅससारखी खोलीभर पसरते, वर-खाली-मागे सगळीकडे. त्यामुळे "आम्ही पण परॉक्साइडच वापरतो" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवून विचारा, थेंब उडवता की वाफ करता? दोन्हीचे रिझल्ट सारखे नसतात आणि दोन्ही एकाच नावाखाली विकलं जातं याचा मला मनापासून राग येतो, कारण शेवटी त्या खोलीत पेशंट झोपणार असतो.

आता मारते कशी ते. हायड्रोजन परॉक्साइड जंतूच्या प्रोटीनवर, पेशीच्या आवरणातल्या चरबीवर आणि डीएनएवर हल्ला करतं, ऑक्सिडेशन होतं आणि पेशी परत उभी राहू शकत नाही. गंमत म्हणजे तेच रसायन द्रवात असताना स्पोअर मारायला कितीतरी जास्त तीव्र लागतं आणि वेळही जास्त लागतो, पण वाफेत असताना एक लिटर हवेमागे एखाद-दोन मिलिग्रॅम असलं तरी काम होतं. लिटरमागे एक मिलिग्रॅम म्हणजे साधारण ७०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ७०० भाग. एवढ्याशा गॅसने स्पोअर मरतात हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही, पण याच भरवशावर औषधांच्या कारखान्यातल्या आयसोलेटरपासून (निर्जंतुक बंद पेटीपासून) ऑपरेशनच्या अवजारांच्या लो टेम्परेचर स्टरिलायझरपर्यंत सगळीकडे ही पद्धत चालते, आणि जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने वैद्यकीय उपकरणं स्टराइल करायच्या प्रस्थापित पद्धतींमध्ये तिला वरच्या गटात घेतलं. अर्थात स्टरिलायझरचं बंद चेंबर वेगळं आणि उघडं सामान भरलेली खोली वेगळी, हे विसरू नका, सेल्सवाले दोन्हीचे आकडे एकत्र करून सांगतात.

कुठला जंतू किती सोपा किती अवघड हे माहीत असलं की ब्रोशर वाचता येतं. चरबीचं आवरण असलेले व्हायरस, म्हणजे फ्लू, कोरोना वगैरे, सगळ्यात सोपे, ते तर साध्या साबणानेही जातात. मग साधे बॅक्टेरिया, मग बुरशी, मग आवरण नसलेले व्हायरस जसा नोरो, मग टीबीच्या जातीचे, आणि सगळ्यात चिवट स्पोअर. क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल (जुनं नाव क्लॉस्ट्रिडियम), हा जुलाब करणारा जंतू, ज्याला आम्ही नुसतं सी डिफ म्हणतो, त्याचे स्पोअर अल्कोहोलने मरत नाहीत, हाताला सॅनिटायझर लावून जात नाहीत, खोलीत महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून परीक्षा घ्यायची तर स्पोअरवर घ्यायची. "कोरोना ९९.९ टक्के मारतो" असं लिहिलेलं असेल तर त्यातून त्या मशीनबद्दल काहीच कळत नाही.

आणि ते ९९.९ टक्के. ऐकायला पुष्कळ वाटतं ना? हिशेब करून बघा, १० लाख जंतू असतील तर ९९.९ टक्के मारूनही १००० शिल्लक राहतात. याला तीन लॉग म्हणतात, दर लॉगला जंतू दहापट कमी. वाफेच्या मशीनकडून सहा लॉगची अपेक्षा असते म्हणजे १० लाखांतला एखादाच उरेल इतकी, ९९.९९९९ टक्के. नीट पुसलेल्या पलंगाच्या दांडीवर एवढे स्पोअर कधी नसतातच, पण तो जो फरक आहे तोच आपला सुरक्षेचा मार्जिन असतो, कारण कोपऱ्यात वाफ थोडी कमी पोचली तरी मार्जिनमध्ये निभावून जातं.

याची तपासणी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या जंतूच्या स्पोअरने करतात. माणसाला त्याचा काही त्रास नाही, पण वाफेला तो फार दाद देत नाही म्हणून परीक्षेला तोच बसवतात. स्टीलच्या छोट्या डिस्कवर १० लाख स्पोअर, वर टायव्हेकचं पाकीट ज्यातून वाफ आत जाते पण जंतू बाहेर येत नाही. सायकल झाल्यावर डिस्क मीडियात (जंतू वाढवायच्या द्रवात) टाकून ५५ ते ६० डिग्रीला ठेवायच्या, जुन्या पद्धतीत ७ दिवस बघायचं, मीडियाचा रंग बदलला किंवा गढूळ झाला की समजायचं काहीतरी वाचलंय.

इथे सर्व्हिसवाले काय करतात ते सांगते. ते रंग बदलणाऱ्या पट्ट्या लावतात. सायकलनंतर पट्टीचा रंग बदललेला असतो, फोटो काढतात, रिपोर्टला चिकटवतात, झालं. पट्टी एवढंच सांगते की इथे वाफ आली होती, जंतू मेले की नाही याचं उत्तर तिच्याकडे नसतं. झटपट अंदाज म्हणून ती ठीक आहे, मीही वापरते, पण तिच्यावर सही करू नका. आणि डिस्क लावल्या तरी त्या कुठे लावतात ते बघा, आमच्याकडे आलेल्या टेक्निशियनने पहिल्यांदा सगळ्या डिस्क मशीनच्या तोंडासमोर मोकळ्या टेबलावर आणि खिडकीच्या कट्ट्यावर मांडल्या होत्या, तिथे काय मरणारच! मी त्याला म्हटलं, अरे दादा, तीच डिस्क पलंगाखाली चाकाजवळ लाव, एक बाथरूममध्ये कमोडच्या मागे, कॉटशेजारच्या लॉकरच्या दोन ड्रॉवरमध्ये एक-एक, एक पडद्याच्या चुणीत. मुलगा चांगला होता, त्याने वाद न घालता लावल्या.

रिझल्ट असा आला. पलंगाखालची मेलेली, कमोडमागची पण मेलेली, आणि इथे मी खरंच खूश झाले कारण हाताने पुसताना नेमक्या याच जागा सुटतात. ड्रॉवर एक अर्धा उघडा होता त्यातली मेली आणि दुसरा जवळजवळ बंद राहिला होता त्यातली वाढली. पडद्याच्या चुणीतली पण वाढली. पडद्याचं कारण कापूस. सुती कापड, कागद, पुठ्ठा हे सगळं वाफ पिऊन टाकतं, आत खोलवर पोचायच्या आधीच ती संपते, आणि नंतर तेच सामान हळूहळू वाफ सोडत बसतं त्यामुळे खोली मोकळी व्हायलाही उशीर होतो. म्हणून पडदे काढून धुवायला द्या, केस पेपर, टिश्यूचे बॉक्स, पुठ्ठ्याचे खोके बाहेर काढा, ड्रॉवर आणि कपाटाची दारं पूर्ण उघडी ठेवा, गादी उभी करा. हे सगळं सर्व्हिसवाल्याने येऊन करायला पाहिजे पण तो करेलच असं नाही, तेव्हा वॉर्डच्या सिस्टरकडे आधीच लिस्ट देऊन ठेवा.

रक्ताबद्दल वेगळं सांगायला हवं. जखमेवर परॉक्साइड टाकलं की फेस येतो ना, तो फेस म्हणजे रक्तातल्या कॅटालेज नावाच्या एन्झाइमने परॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकलेलं असतं. आता कॉटच्या दांडीवर वाळलेल्या रक्ताचा डाग असेल आणि त्याखाली जंतू असेल तर वाफ वरच्या वरच खर्च होते आणि खालचा जंतू सुखरूप राहतो. थुंकी, पू, वाळलेली शी यांचंही तेच, मळाचा थर जाड असला की आत काही जात नाही. शिवाय स्टॅफसारखे बरेच बॅक्टेरिया स्वतःच कॅटालेज बनवतात, एखाद-दुसरा असेल तर तो वाचत नाही पण दाट थर साचलेला असेल तर तो एकमेकांच्या आधाराने टिकतो. त्यामुळे "वाफ मारणार आहोत तर पुसायला कशाला" असं जो म्हणेल त्याच्याकडून सर्व्हिस घेऊ नका. आमच्या सफाईच्या मावशींनी डिटर्जंटने आधी खोली घासून काढली होती, वरच्या चांगल्या रिझल्टमध्ये अर्धा वाटा त्यांचा आहे, आणि सर्व्हिसच्या रिपोर्टमध्ये त्याचा एका ओळीतही उल्लेख नव्हता.

तरी नुसत्या पुसण्याने भागतं का? नाही भागत, आणि याचे आकडे आहेत. २००४ साली एमआरएसएवरचा (मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या स्टॅफवरचा) एक अभ्यास छापून आला होता. एमआरएसएच्या पेशंटच्या खोल्यांतून स्वॉब घेतले तर ७४ टक्के स्वॉबमध्ये तो जंतू निघाला, नेहमीची टर्मिनल क्लिनिंग (पेशंट गेल्यावरची पूर्ण सफाई) झाल्यावर परत घेतले तरी ६६ टक्क्यांत निघाला, आणि ज्या खोल्यांत परॉक्साइडची वाफ सोडली तिथे ८५ स्वॉबपैकी एकात. एका! मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा ७४ वरून ६६ हा भाग जास्त लागला मनाला, कारण आपण सगळे ज्याला स्वच्छता म्हणतो ती ही. मग २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासात पुढचा प्रश्न विचारला, की स्वॉब स्वच्छ आले ते ठीक, पण पेशंटला फरक पडतो का? तर वाफेने निर्जंतुक केलेल्या खोलीत दाखल झालेल्या पेशंटना औषधाला न जुमानणारे जंतू लागण्याची शक्यता ६४ टक्क्यांनी कमी निघाली. माझ्या मते या सर्व्हिसच्या बाजूने हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे, मशीन किती स्मार्ट आणि ॲपवर काय दिसतं हे सगळं नंतर.

दुसरी बाजू पण ऐका. वाफ गेली की मागे काहीच उरत नाही, तिचं पाणी आणि ऑक्सिजन होतं, ही चांगली गोष्ट, पुसून काढायला काही राहत नाही. पण त्याचाच अर्थ पुढे संरक्षणही शून्य. २००७ साली एका आयसीयूबद्दल छापून आलंय की वाफेने एमआरएसए पूर्ण गेला आणि पेशंट परत आत घेतल्यावर २४ तासांत तो परत काही जागी सापडला, कारण परत आलेल्यांत एमआरएसए असलेले पेशंट होतेच. खोली स्वच्छ झाली, माणसं आणि हात तेच राहिले. त्यामुळे हात धुणं, रोजचं हायपोक्लोराइट (ब्लीच), ग्लोव्ह्ज बदलणं यातलं काहीही कमी करायचं नाही, आणि मॅनेजमेंटला "आता मशीन आहे ना" असं वाटायला लागलं की आपणच बोलायचं.

फॉर्मलिनशी तुलना लोक करतातच कारण बऱ्याच ऑपरेशन थिएटरमध्ये अजून तेच चालतं. मारायला फॉर्मलिनमधलं फॉर्माल्डिहाइड कमी नाही, खोलीत ओलावा ७० टक्क्यांच्या वर आणि खोली पुरेशी उबदार असेल तर स्पोअरही मारतं. पण रात्रभर खोली बंद, सकाळी अमोनियाने न्यूट्रल करा, त्याची पांढरी पावडर सगळीकडे बसते ती पुसा, आणि मुख्य म्हणजे ते कॅन्सर करणारं आहे, २००४ मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने त्याला पहिल्या गटात टाकलंय. ज्यांच्याकडे पर्याय आहे त्यांनी ते बंद करावं असं माझं स्पष्ट मत आहे. यूव्हीच्या दिव्याची मशीन लवकर काम करते हे खरं, पण उजेड सावलीत जात नाही, पलंगाखाली आणि मागे तोच प्रॉब्लेम. घरी वापरायचे स्टीम क्लीनर हा तर वेगळाच विषय, ती साध्या पाण्याची वाफ, नोझलपाशी गरम असते आणि थोडं लांब गेलं की झपाट्याने थंड होते. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली १२१ डिग्रीला १५ मिनिटं किंवा १३४ ला ३ मिनिटं ठेवावं लागतं तेव्हा स्पोअर मरतात, फरशीवरून भरभर फिरवलेल्या नोझलने ते होत नाही. साध्या जंतूंसाठी एका जागी थोडं थांबून वापरलं तर उपयोग आहे. बाळाच्या बाटल्यांचा स्टीम स्टरिलायझर पण डिसइन्फेक्शनच करतो, त्या कामाला ते पुरतं, फक्त बाटली आधी ब्रशने घासलेली पाहिजे.

वाफ चांगली पसरते म्हणून माणसं मारायलाही तेवढीच चांगली आहे, हा भाग हलका घेऊ नका. आठ तासांच्या कामासाठी हवेत १ पीपीएमची मर्यादा आहे, ७५ पीपीएमला जिवाला तातडीचा धोका मानतात, आणि सायकल चालू असताना खोलीत काही शे पीपीएम असतात. तेव्हा एसीची तोंडं टेपने बंद, दाराच्या फटी बंद, स्मोक डिटेक्टर झाकलेला, दारावर पाटी, बाहेर एक माणूस हातात सेन्सर घेऊन फटींपाशी तपासत उभा. आमच्याकडे आलेल्यांनी हे व्यवस्थित केलं, त्याचे पूर्ण मार्क. शेवटी दार उघडायचं ते सेन्सरवर १ पीपीएमच्या खाली आल्यावरच. नाकावर विसंबून उघडू नका, वास आला नाही म्हणजे गॅस नाही असं इथे चालत नाही. आणि वेळ लागतो हो. एका पेशंटच्या खोलीला सगळं मिळून दोन-तीन तास सहज जातात, मोठ्या हॉलला त्याहून बरेच जास्त, त्यातला मोठा भाग वाफ बाहेर जाण्यातच जातो. पेशंट कॅज्युअल्टीत ताटकळत असताना आणि खाली बेड मागत असताना हा वेळ काढणं हीच खरी अडचण आहे, घाईत एअरेशन (वाफ बाहेर जायचा वेळ) कमी करायला सांगणारे भेटतात, त्यांना ठाम नाही म्हणा.

सामानाचं म्हणाल तर मॉनिटर, पंप, कॉम्प्युटर यांना आमच्याकडे काही झालं नाही, स्टील आणि काच तर निर्धास्त. नायलॉन, नैसर्गिक रबर, पितळ-तांबं आणि हलक्या रंगकामावर मात्र वारंवार सायकल झाल्या की परिणाम होतो, तेव्हा उपकरण बनवणाऱ्या कंपनीला आधी विचारून घ्या.

मार्क द्यायचे तर मारण्याच्या ताकदीला पाचपैकी पाच, सर्व्हिसच्या काटेकोरपणाला चार, रिपोर्टला दोन. दोनच कारण सायकलचा ग्राफ आणि पट्ट्यांचे फोटो होते पण कंट्रोल डिस्कचा पत्ता नव्हता. एक डिस्क खोलीबाहेर न वापरलेली ठेवायची आणि तिलाही त्याच मीडियात वाढवायची, ती वाढली तरच बाकीच्या न वाढलेल्या डिस्कना अर्थ आहे, नाहीतर मुळातच मेलेल्या स्पोअरची डिस्क आणून कुणीही पास होईल. मी मागितल्यावर पुढच्या वेळी आणली.

आम्ही ही सर्व्हिस चालू ठेवली आहे पण सरसकट नाही. सी डिफ, एमआरएसए, औषधाला न जुमानणारा असिनेटोबॅक्टर असे पेशंट डिस्चार्ज झाले की त्या खोलीला, आणि कुठल्या वॉर्डमध्ये एकामागून एक केस यायला लागल्या की तिथे. साध्या डिस्चार्जला पुसणं आणि हायपोक्लोराइट. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करताना मी दोन ओळी वाढवून घेतल्या, डिस्क कुठे लावायच्या ते आम्ही ठरवणार, आणि कंट्रोलसकट सगळ्या डिस्क आमच्याच लॅबमध्ये वाढवणार. कुणी घ्यायचा विचार करत असाल तर या दोन ओळी आधी मान्य करून घ्या, मगच तारीख ठरवा.